मुदतीनंतरचा अर्ज

यजमानांनी पत्र वाचून संपवलं, कागद उलटा करून मागची कोरी बाजूही नीट पाहिली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"मागे काय शोधताय?" मॅडमनी ओट्याजवळून विचारलं.

"चूक कोणाची ते मागे लिहिलं असेल असं वाटलं. पुढे तर कुठे सापडलं नाही."

मॅडमनी गॅस बंद केला, पण चहा कपात ओतायचं राहून गेलं. गेली बारा वर्षं त्या कायद्याच्या मुलांना वकिली कामाचं इंग्रजी शिकवत होत्या. नोटीस कशी लिहायची, अशिलाला सल्ला कसा द्यायचा, समोरच्या वकिलाशी आवाज न चढवता पत्रातून कसं भांडायचं. आणि बारा वर्षं दर सत्राला साठ-सत्तर पत्रांचा गठ्ठा याच टेबलावर येत होता आणि त्यांचे यजमान तो वाचून काढत होते. ते बसच्या डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. त्यांचं इंग्रजी सगळं इंजिनांच्या पुस्तकांतून आलेलं: आधी हा नट सैल करा, मग तो पट्टा काढा, बोटं सांभाळा. त्यामुळे पत्र हातात आल्यावर आपण काय करायचं आणि कधीपर्यंत, हे त्यांना एका मिनिटात सांगता आलं तर पत्र पास. नाही सांगता आलं तर परत. मुलं त्यांना 'अशीलसाहेब' म्हणत. एकानेही त्यांना पाहिलेलं नव्हतं, पण धाक सगळ्यांना होता.

आजचं पत्र मात्र मुलांपैकी कोणाचं नव्हतं. ते मॅडमचं होतं.

"तिसरं वाक्य वाचा परत," त्या म्हणाल्या.

"वाचलं की. अर्ज वेळेत पोचू शकला नाही म्हणतंय. म्हणजे अर्ज निघाला होता आणि वाटेत दमला? आणि खाली, सत्राच्या कामाचा ताण होता म्हणे. कोणाला होता, अर्जाला?" त्यांनी कागद टेबलावर ठेवून हलकेच मॅडमच्या दिशेने सरकवला. "अगं, एखाद्या पोराचं असतं तर तू शेरा मारून परत पाठवलं असतंस."

मॅडमना रागही आला होता आणि नवरा बरोबर बोलतोय हेही कळत होतं, आणि या दोन गोष्टी एकाच वेळी झाल्या की त्या नेहमी भांडी विसळायला घेत. त्यांनी स्वच्छ असलेली दोन भांडी विसळली.

झालं होतं ते असं. वरच्या न्यायालयात एका न्यायमूर्तींकडे सहा महिने सहायक म्हणून काम करायची एक जागा दरवर्षी निघायची. प्रत्येक कॉलेजने एक नाव पाठवायचं, सोबत शिक्षकाची शिफारस जोडायची, आणि सगळ्यांतून एकाची निवड व्हायची. मॅडमच्या कॉलेजातून आजवर कोणी तिथवर पोचलं नव्हतं. या वर्षी त्यांच्याकडे नाव होतं, आणि ते इतकं निर्विवाद होतं की वर्गाने मत न घेताच मान्य केलं होतं. टाचणी.

टाचणीचे वडील टेलर. घरात स्टेपलर कधी आला नाही, त्यामुळे तिचे सगळे कागद दुकानातल्या टाचण्यांनी जोडलेले असत आणि ते तपासताना निम्म्या प्राध्यापकांची बोटं टोचली होती. तिचं शाळेचं शिक्षण सगळं घरच्या भाषेत झालेलं. पहिल्या वर्षी इंग्रजी वाक्य बोलायची वेळ आली की अरुंद दारातून कपाट बाहेर काढावं तशी तिची गत व्हायची. इकडे वळव, तिकडे कलव, आणि मागे सगळे ताटकळत. मुलं हसायची. पण वाक्य एकदा बाहेर आलं की त्याचा एकही कोपरा खरचटलेला नसे. तिसऱ्या वर्षापर्यंत हसणारे तिच्या वह्या मागायला लागले होते.

मॅडमना ती पक्की पटली ती एका पत्रामुळे. त्या दरवर्षी मुलांना एक जीवघेणा अभ्यास देत. समजा, तुमच्या हातून अपिलाची शेवटची तारीख चुकली आणि तुमच्या अशिलाचं राहतं घर जाणार. त्याला पत्र लिहा. त्या वर्षी बासष्ट पत्रं आली आणि बासष्टांतल्या एकसष्टांत तारीख कोणीच चुकवलेली नव्हती. ती आपली आपणच निघून गेली होती. कुठे कारकून रजेवर होता, कुठे यंत्रणा बंद पडली होती, एका हुशार मुलाने तर अशिलालाच तुम्ही कागद उशिरा दिलेत असं सुनावलं होतं. टाचणीने पाच ओळी लिहिल्या होत्या. शेवटची तारीख मी चुकवली. चूक माझी आहे आणि तुम्ही माझ्याविरुद्ध तक्रार करू शकता. त्याआधी उशीर माफ करून घेण्यासाठी अर्ज करा, त्याला तीस दिवस आहेत. तो अर्ज दुसऱ्या वकिलाकडून लिहून घ्या, कारण आता तुमचं हित आणि माझं हित एक राहिलेलं नाही. हे पत्र त्या अर्जाला जोडा.

अशीलसाहेबांनी ते दोनदा वाचलं होतं. "या वकिलावर मी भयंकर चिडलो असतो," ते म्हणाले होते. "पण त्याचं ऐकलं असतं."

अशा मुलीची शिफारस लिहायची म्हणून मॅडमनी जिवाचा आटापिटा केला. कौतुक करताना त्यांची लेखणी नेहमीच अडखळायची. चुका काढायची सवय झालेल्या हाताला दुसरं जमत नव्हतं. एक मसुदा फार कोरडा वाटला, दुसरा लग्नाच्या जाहिरातीसारखा. तिसरा त्यांना बावीस तारखेला साधला. पान वाचून त्या स्वतःवर खूश झाल्या, पाकीट घेऊन ऑफिसात गेल्या, आणि तिथल्या क्लार्कने भिंतीवरच्या परिपत्रकाकडे बोट दाखवलं. मुदत अठरालाच संपली होती. गेल्या वर्षी ती महिनाअखेर होती. मॅडम गेल्या वर्षीची फाइल समोर ठेवून काम करत होत्या. जुन्या कागदावरून नवा कागद करू नका, प्रत्येक तारीख मूळ कागदाशी ताडून पाहा, हे ज्या वर्गाला दर आठवड्याला बजावायच्या, त्याच मॅडम.

फौजदारी कायदा शिकवणारे सर तिथेच होते. माणूस दिलदार. त्यांनी मॅडमना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सल्लाही दिला. टपालात गहाळ झालं असं लिहा, ते म्हणाले, टपाल काही उलटतपासणीला उभं राहणार नाही. मुलीचं काम होईल, तुमचं नाव राहील, कोणाचं काय जातंय? मॅडमना तो सल्ला मनापासून आवडला, हे इथे सांगितलं पाहिजे. कायद्याच्या प्राध्यापकांत त्या एकट्याच वकील नसलेल्या. 'भाषावाल्या बाई' म्हणून अर्ध्या बैठकांत त्यांना कोणी विचारत नसे. आता तर नाक मुरडायला आयतं कारण मिळणार होतं. टाचणीला द्यायच्या पत्राचा पहिला मसुदा त्यांनी टपालावर ढकलला. दुसरा परिपत्रकाच्या बारीक टायपावर. तिसऱ्यात नुसताच अर्ज पोचला नाही, आणि तो आत्ता टेबलावर पडला होता.

"चहा गार झाला," यजमान म्हणाले.

"ठेवते परत." मॅडमनी हात पुसले, खुर्ची ओढली आणि कोरा कागद घेतला.

चौथा मसुदा तयार व्हायला वीस मिनिटं लागली. अशीलसाहेबांनी तो वाचला, चष्मा काढला आणि बोटावर मोजून सांगितलं. अर्ज तुझ्याकडे वेळेत आला होता. तू गेल्या वर्षीची तारीख धरलीस. चूक तुझी. नियमात सोय आहे की उशिराचं कारण कळल्यापासून सात दिवसांत निवड समितीकडे दाद मागता येते, पुराव्यासह. हे पत्र पुरावा म्हणून जोडायचं. आणि अर्ज लिहायला तू मदत करणार नाहीस, कारण दोषी तू आहेस.

"शेवटचं वाक्य टोचतंय जरा," ते म्हणाले.

"बदलू?"

"नको. कळतंय."

टाचणीला त्यांनी तास संपल्यावर थांबवून घेतलं. वर्ग रिकामा होईपर्यंत दोघी फळा पुसल्यासारखं करत राहिल्या. मॅडमनी मनाशी बरंच काही ठरवलं होतं, पण प्रत्यक्षात त्यांनी नुसतं पाकीट पुढे केलं. टाचणीने उभ्या-उभ्याच वाचलं. वाचताना तिचा चेहरा पहिल्या परिच्छेदाला उतरला आणि तसाच राहिला. या जागेसाठी तिने काय केलं होतं ते मॅडमना ठाऊक होतं. न्यायमूर्तींचे चार वर्षांतले निकाल तिने वाचून काढले होते, दुकानाच्या माळ्यावर बसून, खाली शिलाई मशीन चालू असताना. वडिलांनी आल्या-गेल्या गिऱ्हाइकाला सांगून ठेवलं होतं.

तिने पत्र खाली केलं. मॅडमना वाटलं, आता रडेल. किंवा असू दे मॅडम म्हणेल, आणि ते जास्त वाईट होईल.

"ही प्रत माझी ना?" तिने विचारलं.

"हो."

"आणि ही तुमची?" मॅडमच्या हातातला दुसरा कागद तिने मागून घेतला, खाली सही केली, मिळाल्याची तारीख घातली, घड्याळ पाहून वेळही घातली आणि तो परत दिला. "येते मॅडम."

मॅडम रिकाम्या वर्गात बसून राहिल्या. पोच घ्यायला, वेळ घालायला त्यांनीच शिकवलं होतं, पण स्वतःच्या छातीत कळ उठलेली असताना हे सुचावं, असं काही त्यांनी शिकवलेलं नव्हतं. ते तिचं तिचं होतं.

पुढच्या दिवसांत टाचणी वर्गात यायची, नेहमीच्या जागी बसायची आणि तास संपताच निघून जायची. मॅडमशी ती चार हात लांबूनच वागत होती. मॅडम आपलं वचन पाळत होत्या, आणि ते फार जड जात होतं. दोनदा त्या ग्रंथालयाच्या दारापर्यंत गेल्या. टाचणी खिडकीजवळच्या टेबलावर मान खाली घालून लिहीत होती. एकदा तर त्यांनी परीक्षेच्या निमित्ताने आत जाऊन वरवर चौकशी करावी इथवर ठरवलं, आणि मग हे निमित्त किती पातळ आहे ते लक्षात येऊन माघारी फिरल्या. घरी यजमानांनी विचारलं की दिला का तिने अर्ज. मला विचारू नका, त्या म्हणाल्या, मी समोरच्या पक्षातली आहे.

पाचव्या दिवशी समितीचं पत्र आलं. अर्ज दाखल झाला होता. गुरुवारी सकाळी अकराला सुनावणी, संबंधित शिक्षिकेने हजर राहावं. यजमानांनी ते पत्र दोनदा वाचून सांगितलं की जायचं कुठे आणि किती वाजता एवढं कळलं, का ते कळलं नाही, सबब नापास.

विद्यापीठाच्या तिसऱ्या मजल्यावर बाकावर एक सडपातळ गृहस्थ बसले होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि गळ्यात मोजमापाची फीत तशीच राहिलेली. मॅडमना पाहताच ते उठून उभे राहिले, काय बोलावं ते न सुचून पुन्हा बसले. दुकान बंद ठेवून ते आले होते.

आत लांब टेबलामागे तिघे होते. मधोमध अध्यक्ष, निवृत्त न्यायाधीश, मऊ आवाजाचे. एका बाजूला कुलसचिव, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या एका कॉलेजचे प्राचार्य. कोपऱ्यात टंकलेखिका. मॅडमना भिंतीकडची खुर्ची मिळाली. टाचणीला बसा म्हटलं तरी ती उभीच राहिली.

तिने इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. वेग तोच, कपाट दारातून काढायचा. पण आता ते अडखळून थांबणं नव्हतं. ती प्रत्येक वाक्याला जागा करून देत होती आणि तिघेही ते वाक्य बाहेर येईपर्यंत निमूट वाट पाहत होते. आपण तीन गोष्टी सांगणार, ती म्हणाली. काय झालं, नियम काय म्हणतो, आणि मला काय हवंय. मग ती एकेक सांगू लागली. दहा तारखेला तिचा पूर्ण अर्ज शिक्षिकेकडे होता, पोच जोडली आहे. अठराला तो शिक्षिकेच्या टेबलावरच होता. शिक्षिकेने लेखी कबूल केलं आहे की त्यांनी गेल्या वर्षीची तारीख गृहीत धरली. पत्र जोडलं आहे.

"पण एवढ्यावर समितीने थांबू नये," ती म्हणाली आणि तिने एक कागद पुढे सरकवला. "या वर्षीचं परिपत्रक तीन तारखेला सर्व शिक्षकांना दाखवलं गेलं. कॉलेजच्या प्रतीवर वाचल्याच्या सह्या आहेत. सातवी सही माझ्या शिक्षिकेची आहे. म्हणजे नवी तारीख त्यांना कळवलेली होती. ही चूक माहिती न मिळाल्यामुळे झालेली नाही, काळजी न घेतल्यामुळे झाली आहे. यात माझा कुठलाही वाटा नाही."

मॅडमचे कान तापले. सही. तीन तारखेला घाईत, उभ्या-उभ्या, न वाचता केलेली सही. ती त्यांच्या पत्रात नव्हती. चौथ्या मसुद्यातही नव्हती. ती लिहायची राहिली असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं आणि ते त्यांना स्वतःलाच पटलं नाही. मग त्या तापलेल्या कानांमागे काहीतरी वेगळंच वर येऊ लागलं. पोरीने शिक्षिकेच्या शब्दावर विश्वास ठेवला नव्हता. ती मूळ कागदापाशी गेली होती. कॉलेजच्या ऑफिसात जाऊन, क्लार्कपुढे उभं राहून, आपल्याच मॅडमच्या विरुद्धचा कागद तिने मागून घेतला होता. मॅडमच्या अंगावर मूठभर मांस चढलं. अशा जागी बसून ते चढावं याची त्यांना लाजही वाटली, पण चढलं ते चढलंच.

प्राचार्य अर्जाची पानं मागे-पुढे करत होते. एका टाचणीने त्यांचं बोट टोचलं.

"अर्ज उत्तम आहे," ते म्हणाले, "आणि नेमकी तीच अडचण आहे. अर्जदाराचं शालेय शिक्षण कुठल्या माध्यमात झालंय ते मी पाहिलं. हा मसुदा विद्यार्थ्याचा वाटत नाही. तुमच्या शिक्षिका हाच विषय शिकवतात. त्यांनीच चूक करायची आणि त्यांनीच दुरुस्तीचा अर्ज लिहून द्यायचा, तर मग ही संगनमताची गोष्ट झाली. असा अर्ज आम्ही घेऊ शकत नाही."

आजवर पहिल्यांदाच टाचणीकडे कागद नव्हता. जे केलं नाही त्याची पोच कुठून आणायची?

अध्यक्ष भिंतीकडे वळले. "मॅडम, हा अर्ज तुम्ही लिहून दिलात का?"

मॅडम उठल्या. "नाही."

"दुरुस्त केलात? पाहिलात?"

"आज पहिल्यांदा ऐकला."

"तुमच्या म्हणण्याला काही आधार?"

"आहे," मॅडम म्हणाल्या. "परिपत्रकावरची माझी सही. माझ्या पत्रात तिचा उल्लेख नाही, तुमच्यासमोर पत्र आहे, पाहून घ्या. कबुली द्यायला मला चार मसुदे लागले, आणि चौथ्यातही मी ही सही बाहेर ठेवली. विसरले असं म्हणणार होते, पण विसरले नव्हते. सर, हा अर्ज मी लिहिला असता तर ही सही त्यात आलीच नसती."

अध्यक्षांनी पत्र उघडून शेवटपर्यंत वाचलं, मग परिपत्रक पाहिलं, सातव्या ओळीवर बोट ठेवलं. प्राचार्यांनी टोचलेलं बोट रुमालाने पुसलं आणि म्हणाले की त्यांचा आक्षेप त्यांनी मागे घेतला. मॅडम बसल्या. टाचणी अजून समोरच पाहत होती, पण तिची पाठ आता मघापेक्षा सरळ होती.

तिघांनी आपसात दोन मिनिटं कुजबुज केली. मग अध्यक्ष टंकलेखिकेकडे वळून सांगू लागले. अर्ज दाखल करून घेण्यात येत आहे. अर्जदाराची मुलाखत इतरांसोबत सोमवारी होईल. प्रशासकीय कारणांमुळे झालेला विलंब माफ करण्यात येत आहे. हे शेवटचं वाक्य सांगताना त्यांनी मॅडमकडे पाहून किंचित मान हलवली. सभ्य माणसाने दुसऱ्या सभ्य माणसाला सांभाळून घ्यावं तसं ते होतं. मॅडमना ते समजलं, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं.

"सर," टाचणी म्हणाली. "एक विनंती आहे."

"तुमचं काम झालं आहे, बेटा."

"हो सर. पण आदेशात खरं कारण लिहावं." ती चुकूनही भिंतीकडे पाहत नव्हती. "उद्या दुसऱ्या कोणत्या कॉलेजचा उमेदवार विचारेल की हिलाच सवलत का. तेव्हा 'प्रशासकीय कारणं' एवढ्यावर हा आदेश टिकणार नाही. कोणाची चूक, कोणती, कोणत्या पुराव्यावरून, हे आदेशातच असावं."

कुलसचिव खुर्चीत सरळ झाले. "पोरी, हे त्यांच्या सेवापुस्तकात जाईल. कळतंय ना?"

"कळतंय," टाचणी म्हणाली. "तरी विनंती आहे."

खोलीतले सगळे मॅडमकडे पाहू लागले. मॅडमना बारा वर्षांतले साठ-सत्तर पत्रांचे गठ्ठे आठवले, त्यातली ती आपणच निघून गेलेली तारीख, रजेवर गेलेले कारकून, थकलेली यंत्रं. माणूस अडचणीत आला की वाक्यातून अंग काढून घेतो, हे त्या इतकी वर्षं लाल शाईने लिहीत आल्या होत्या. आणि ही एक मुलगी, काम झालेलं असताना, गोड बोलून बाहेर पडायची मोकळीक असताना, पाय रोवून उभी होती. तेही मॅडमना वाईट वाटेल हे पुरतं ठाऊक असून. मॅडमना तिचा अभिमान वाटला.

"तिचं बरोबर आहे, सर," त्या म्हणाल्या. "मोघम आदेश पहिल्याच धक्क्याला पडेल. लिहा."

अध्यक्षांनी खांदे उडवले आणि वाक्य बदलून सांगितलं. संबंधित शिक्षिकेने सुधारित मुदत कळवलेली असूनही, स्वतःच्या निष्काळजीपणाने, अर्ज वेळेत पाठवला नाही. यंत्र खटखटलं. कागद मॅडमपुढे आला. त्यांनी तो सवयीने वाचला, पहिल्या ओळीपासून, आणि खाली मान्य आहे असं लिहून सही केली. या वेळी वाचून.

बाहेर टेलर उभेच होते. मुलीचा चेहरा पाहून त्यांना काही कळेना, कारण आत एवढं खंबीर बोललेली टाचणी आता नाक ओढत होती आणि रुमाल सापडत नव्हता. म्हणून ते मॅडमकडे आले आणि त्यांनी हात जोडले.

"हिनं तुमच्याविरुद्ध लिहिलंय म्हणाली. मी सांगितलं होतं, जे आपल्याला शिकवतात त्यांचं नाव असं कागदावर घालू नये. लहान आहे हो. पदरात घ्या."

"अर्ज घेतला त्यांनी," मॅडम म्हणाल्या. "सोमवारी मुलाखत आहे."

टेलरनी डोळे मिटून घेतले. ते पुन्हा उघडायला त्यांना थोडा वेळ लागला. "आणि तुमचं काय झालं?"

"माझी चूक सिद्ध झाली."

"म्हणजे?"

"पूर्ण सिद्ध झाली. हिने कुठे बोट शिरेल एवढी फटसुद्धा ठेवली नाही." लेकीचा पहिला नंबर आला की लोक ज्या आवाजात सांगतात, त्याच आवाजात त्या हे सांगत होत्या, आणि जिन्यावरून जाणारी दोन अनोळखी माणसं वळून पाहायला लागली तरी त्यांनी आवाज खाली आणला नाही. टेलर गोंधळून एकदा मॅडमकडे आणि एकदा मुलीकडे पाहत राहिले. टाचणीने वडिलांच्या गळ्यातली फीत काढून घेतली आणि गुंडाळत बसली, म्हणजे मान खाली घालायला निमित्त झालं.